टचस्क्रीनची संवेदनशीलता वाढवूनच फोन हातात द्यावा का?

सुईदोरा :
मी दिवसभर भरतकाम करते. सुई टोचून टोचून उजव्या हाताच्या बोटांची कातडी घट्ट झाली आहे आणि त्याच बोटांना फोन दाद देत नाही. फोन वाजतो, मी हिरवं बटण सरकवते, ते जागचं हलत नाही, फोन बंद होतो. दोन वर्षं मला वाटायचं की मलाच जमत नाही. मग सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' सापडली. खरं तर ती स्क्रीनगार्ड लावणाऱ्यांसाठी दिलेली आहे. चालू केली आणि पहिल्या स्पर्शात फोन उचलला गेला! माझं म्हणणं असं, की ज्या फोनमध्ये ही सोय आहे त्यात ती आधीपासूनच चालू असावी. शोधत बसायची वेळ का यावी?

पहाटवारा :
असहमत. माझ्या बाबांचा हात थरथरतो. त्यांना सोपं जावं म्हणून मी हेच सेटिंग चालू करून दिलं होतं. पिन टाकताना ४ एकदा दाबला की दोन ठिपके उमटायचे. तीनदा पिन चुकला, खातं लॉक झालं. त्यानंतर महिनाभर त्यांनी फोनवरून पैशाचा व्यवहारच केला नाही.
आता त्यांच्याकडे आयफोन आहे. त्यातल्या 'टच अकोमोडेशन्स'मध्ये बोट ठरावीक वेळ टेकलं तरच स्पर्श धरायचा आणि लगेच झालेला दुसरा स्पर्श सोडून द्यायचा, असं लावून दिलंय. टाइप करायला वेळ लागतो, पण चुकत नाही. बाबा खूश आहेत. वेग वाढला की समाधान वाढतं, हे गृहीतकच मला पटत नाही.

तारायंत्र :
दोघांचे अनुभव खरे आहेत, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. काचेखाली पारदर्शक, वीजवाहक जाळी असते. बोट जवळ आलं की तिथली विद्युत धारिता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते. हा बदल ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तरच स्पर्श धरला जातो. कोरडी किंवा जाड कातडी, हातमोजा, जाड काच यांमुळे तो बदल क्षीण होतो. म्हणून मर्यादा खाली आणली की सुईदोरा यांचं बोट कळतं, पण मग पाण्याचा थेंब किंवा खराब चार्जरमुळे येणारा विद्युत गोंगाटही 'बोट' ठरू शकतो.
फोनच्या जाहिरातीत दिसणारा '२४० हर्ट्झ टच', म्हणजे सेकंदाला २४० वेळा स्पर्श तपासणं, ही मात्र वेगळी गोष्ट. ६० हर्ट्झला पडदा साधारण दर १६.७ मिलिसेकंदांनी तपासला जातो, २४० ला सुमारे ४.२. खेळताना, चित्र काढताना फरक जाणवतो. न कळणारं बोट त्याने कळू लागत नाही.

सुईदोरा :
मर्यादेचा मुद्दा समजला. तरी न धरलेला स्पर्श जास्त छळतो, कारण माणूस मग जोर लावतो. तुम्ही सांगितलंत त्यावरून जोराचा इथे उपयोगच नाही! मी अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबत होते आणि स्वतःलाच अडाणी म्हणत होते.

चौथीओळ :
बटणांच्या आकाराबद्दल कुणीच कसं बोललं नाही? लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त, हे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्येच मांडलं. बटणासाठी अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची (डीपी हे पडद्यावरच्या मापाचं एकक) आहे, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. तरी कित्येक ॲपमध्ये जाहिरात बंद करायची फुली तांदळाच्या दाण्याएवढी! दोष बटणाचा असतो आणि शिव्या पडद्याला बसतात.

पहाटवारा :
आकाराचं मान्य. पण बटण कितीही मोठं केलं तरी थरथरणारं बोट त्याच्यावर दोनदा पडतंच. त्यापेक्षा फोन सुरू करतानाच पाच-सहा ठिकाणी बोट टेकवायला सांगावं आणि त्यावरून मर्यादा नि वेळ ठरवावी. सरसकट चालू नको, सरसकट बंदही नको.

सुईदोरा :
चालेल. पण त्या चाचणीतलं पहिलं बटण तरी माझ्या बोटाला कळायला हवं ना? तिथे संवेदनशीलता वाढवलेलीच ठेवा.

पहाटवारा :
हो, तिथे वाढवलेलीच हवी. बाबांचा स्पर्श दोनदा नोंदला गेला, तर फोनला तेच कळायला हवं आहे. पिनच्या पडद्यावर मात्र मी मागे हटणार नाही.