नागपूरच्या उन्हाळ्यात वाईन घरी कशी ठेवायची?

वऱ्हाडी_पाहुणा
नाशिकच्या सहा बाटल्या आहेत: चार शिराझ (लाल, बुचाच्या), दोन शेनिन ब्लाँ (पांढऱ्या, फिरकीच्या झाकणाच्या). घर सर्वात वरच्या मजल्यावर, एसी फक्त रात्री. दिवाळीपर्यंत टिकवायच्या आहेत. माळ्यावर आडव्या ठेवल्या तर चालेल का? की छोटा वाईन कूलर घ्यावा?

द्राक्षवेल
माळा अजिबात नको. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. घरातली सगळ्यात वाईट जागा तीच.

वाईनला 12 ते 14 अंश मानवतात. चढउतारही तितकाच घातक. दुपारी वाईन प्रसरण पावून बूच वर ढकलते, रात्री एसीत आकसून बाहेरची हवा आत ओढते. फॉइलखाली बूच काठाच्या वर आलेलं दिसलं किंवा मानेवर चिकट ओघळ असला, तर ती बाटली आधी उघडा. उकडलेल्या जॅमसारखा वास आला तर वाईन गेली.

तुमच्यासाठी फ्रिजचा भाजीचा ड्रॉवर. शिराझ आडव्या ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील. बाटली साधारण 30 सेंमी लांब असते, आधी ड्रॉवर मोजून घ्या. फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच आकसतं हे खरं, पण त्याला महिने लागतात. 40 अंशांत नासायला काही दिवस पुरतात. तळाशी पारदर्शक खडे दिसले तर घाबरू नका. थंडीने टार्टरिक आम्लाचे क्षार खाली बसतात, ते निरुपद्रवी असतात.

शेनिन उभ्या ठेवल्या तरी चालतील, फक्त दारात नको, आतल्या कप्प्यात. आणि त्यांना दिवाळीपर्यंत थांबवू नका. ती वाईन ताजेपणासाठीच बनवतात, ठेवून काही मिळत नाही.

तापमापी
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. सहा बाटल्यांसाठी कूलर घेऊ नका. पुढे संग्रह वाढला तर कॉम्प्रेसरवालाच घ्या. स्वस्तातले थर्मोइलेक्ट्रिक (कॉम्प्रेसरशिवाय चालणारे) कूलर खोलीपेक्षा साधारण 12-15 अंशच खाली जातात. खोली 38 वर असेल तर आत 24 च्या आसपास. पंखा अखंड फिरत राहतो, वाईन थंड होत नाही.

मागच्या स्टिकरवर क्लायमेट क्लास बघा. 'एन' म्हणजे भोवतालचं तापमान 32 अंशांपर्यंत, 'एसटी' 38, 'टी' 43. नागपुरात 'टी' सोडून काही घेऊ नये. मागे हवेला जागा सोडा, आणि बाल्कनीत तर ठेवूच नका.

वऱ्हाडी_पाहुणा
धन्यवाद, ड्रॉवर मोजतो. उघडलेली बाटली उरली तर?

द्राक्षवेल
बूच लावून फ्रिजमध्ये, लाल असली तरी. तीन ते पाच दिवस चांगली राहते. अर्धीच प्यायची हे आधीच ठरलं असेल तर उघडल्या उघडल्या 375 मिलीची स्वच्छ बाटली काठोकाठ भरून बंद करा. आत हवाच उरली नाही की आठवडाभर सहज निघतो. ही युक्ती मला कुठल्याही व्हॅक्यूम पंपापेक्षा भरवशाची वाटते.

शिराझ पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. 16-18 अंशांवर तिचा गंध खुलतो. उन्हाळ्यात मात्र वीस मिनिटं पुरे, नाहीतर ग्लासात ओतेपर्यंत ती कोमट होईल.