सँतेस्तेफच्या सहा सालांची व्हर्टिकल: क्रम, डीकँटिंग आणि त्यावरून आँ प्रीमर खरेदी?

तळघर_तेरा

नमस्कार मंडळी. सँतेस्तेफमधल्या (फ्रान्समधल्या बोर्डोत, मेदोकच्या उत्तर भागातलं गाव) एकाच शॅटोच्या (वाइन-मळ्याच्या) सहा सालांची व्हर्टिकल, म्हणजे एकाच वाइनची वेगवेगळी सालं एका बैठकीत चाखणं, ठरली आहे: २००३, २००५, २००९, २०१०, २०१३ आणि २०१४. चाखणारे बारा जण. प्रत्येक सालाची ७५० मिलिची एकेक बाटली, फक्त २००३ च्या दोन. सगळ्या १३ अंशांवर आडव्या ठेवलेल्या आहेत. ब्लेंड सालागणिक थोडं बदलतं. ढोबळमानाने साठ टक्के काबर्ने सोव्हिन्याँ द्राक्ष, उरलेलं बहुतेक मेर्लो.

तीन ठिकाणी अडलंय.

१. क्रम कसा लावायचा? जुन्याकडून नव्याकडे, की उलट?
२. सगळ्या बाटल्यांना सारखा वेळ हवा द्यायची, की वेगवेगळा?
३. यातल्या काही जणांना याच शॅटोची नवी व्हिंटेज (नव्या सालाची वाइन) आँ प्रीमरमध्ये, म्हणजे बाटलीत भरण्याआधीच आगाऊ पैसे देऊन, घ्यायची आहे. जुनी सालं चाखून नव्याबद्दल खात्रीने किती बोलता येतं, आणि भाव पटतोय की नाही हे कशावरून ठरवायचं?

लाल_काठ

सालाच्या क्रमाने लावू नका, कुठल्याच दिशेने. २०१० च्या पाठोपाठ २०१३ आली की तिचं काही खरं नाही. २०१० चं टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक) लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, जिभेवरचा ओलसर थर निघून जातो आणि पुढची हलकी वाइन नुसती आंबट आणि पोकळ लागते. तो दोष त्या वाइनचा नसतो. तुरटपणा घोटागणिक साचत जातो, म्हणून अंगाने हलक्या वाइन आधी आणि भारी शेवटी.

तीन जोड्या करा. आधी २०१३ आणि २०१४, मग २००३ आणि २००९, शेवटी २००५ आणि २०१०. पहिली जोडी थंड-ओल्या सालांची, दुसरी उष्ण सालांची, तिसरी कोरड्या आणि ताठ कण्याच्या सालांची. जोडीतले दोन्ही ग्लास एकदमच समोर ठेवा. एकटी वाइन चाखून ‘छान’ यापलीकडे फारसं सुचत नाही. शेजारी दुसरी असली की फरक आपोआप शब्दांत उतरतो.

माप आधी पक्कं करा. माणशी ५० मिलि म्हणजे बारा जणांचे ६०० मिलि. उरलेल्या १५० पैकी २० उघडताना तपासायला, ४० च्या आसपास गाळात आणि बाकी पुन्हा चाखायला. अंदाजाने ओतलं की हात ७० वर जातो आणि शेवटच्या दोघांच्या वाट्याला काहीच उरत नाही. एका ग्लासात मोजून ५० मिलि पाणी घाला, पाणी कुठवर येतं ते नीट बघून ठेवा आणि तोच ग्लास ओतणाऱ्याच्या समोर राहू द्या.

आयएसओ टेस्टिंग ग्लास २१५ मिलिचा असतो, त्यात ५० मिलि व्यवस्थित फिरवता येतं. सहा वाइन आणि बारा माणसं, म्हणजे ७२ ग्लास. तेवढे नसतील तर माणशी दोन ठेवा आणि जोडी बदलताना पुढच्याच वाइनच्या चमचाभराने विसळा, पाण्याने नको. आणि आदल्या दिवशी प्रत्येक रिकामा ग्लास हुंगून बघा. कपाटाचा, पुठ्ठ्याच्या खोक्याचा किंवा साबणाचा वास राहिलेला असतो आणि ऐन वेळी त्याचं खापर बुचावर फुटतं.

तापमान: ओतताना १६, ग्लासात १७-१८. खोली २२ अंशांची असेल तर बाटल्या साधारण पाऊण तास आधी बाहेर काढा. २० च्या वर गेलं की अल्कोहोल नाकात शिरतं आणि वाइन ढिली वाटते. फार गार असेल तर तुरटपणा बोचतो.

गाळ_आणि_बूच

डीकँटिंगचं, म्हणजे हवा द्यायला किंवा गाळ वेगळा करायला वाइन दुसऱ्या भांड्यात ओतण्याचं, मी लिहितो. ‘सगळ्यांना दोन तास’ हा सरसकट हिशोब इथे चालणार नाही.

२००५ आणि २०१० ला तीन तास द्या. २००९ आणि २०१४ ला एक तास पुरे. २०१३ आयत्या वेळी उघडून थेट ग्लासात. तिच्यात जे फळ आहे ते वरवरचं आहे, तासाभरात उडून जाईल. २००३ फक्त गाळ वेगळा करण्यापुरती डीकँट करायची, तीही ओतण्याआधी दहा-पंधरा मिनिटं. आम्लता कमी असलेल्या जुन्या वाइनला जास्त हवा मिळाली की ती पटकन बसते.

२००३ च्या दोन्ही बाटल्या ४८ तास आधी उभ्या करा, बाकीच्या चोवीस तास. गाळ बारीक असतो, आडव्या बाटलीच्या कुशीत बसलेला. बाटली उभी करून लगेच उघडली तर तो सगळीकडे पसरतो आणि वाइन गढूळच नाही तर कडवटही लागते.

ओतताना बाटलीच्या मानेखाली छोटा टॉर्च उभा ठेवा, उजेड वरच्या दिशेने. बाटली एकदा कलली की हात थांबवायचा नाही. मध्येच सरळ केली तर आतली वाइन हिंदकळते आणि गाळ उठतो. सुरुवातीला मानेतून नुसती स्वच्छ लाल पट्टी दिसते. शेवटच्या शंभरेक मिलिमध्ये तळाकडून धुरासारखी एक काळपट रेघ खांद्यापर्यंत सरकते. ती मानेत शिरायला लागली की थांबा. बोर्डोच्या बाटलीचा उंच खांदा इथेच उपयोगी पडतो, जड गाळ तिथे अडतो.

चाखणाऱ्यांना बाटल्या समोर हव्या असतील तर रिकामी बाटली स्वच्छ पाण्याने विसळून, पूर्ण निथळवून, वाइन परत तिच्यातच भरा. २००५ आणि २०१० साठी हे उत्तम, कारण दोनदा ओतल्याने हवाही जास्त मिळते.

जुन्या बुचासाठी दोन पात्यांचा ओपनर जवळ असू द्या. चांगल्या शॅटोची बुचं पाच सेंटिमीटरच्या आसपास लांब असतात. आखूड स्क्रू मध्येच संपतो, वरचा अर्धा भाग हातात येतो आणि खालचा मानेतच राहतो.

उघडल्याबरोबर प्रत्येक बाटलीतली २० मिलि वाइन बाजूला काढून हुंगा. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद तळघराचा वास आला आणि फळाचा वास दबलेला वाटला तर टीसीएचा (बुचातून वाइनला लागणाऱ्या दोषाचा) संशय घ्या. ग्लास दहा मिनिटं ठेवून पुन्हा हुंगा: टीसीए असेल तर वास तसाच राहतो किंवा वाढतो. विझलेल्या काडीचा किंवा कुबट गंधकी वास असेल तर तो हवा लागून जातो. तबेल्याचा, चामड्याचा वास म्हणजे ब्रेटानोमायसिस हे यीस्ट. ते २००३ मध्ये सापडलं तर नवल नाही: उष्ण सालात आम्लता कमी, पीएच जास्त, आणि पीएच जास्त असला की तेवढ्याच सल्फाइटचा (वाइनमधल्या परिरक्षकाचा) धाक कमी पडतो.

कंकरमाती

लाल_काठ यांच्या जोड्या पटल्या. एकच पुस्ती: पहिल्या आणि दुसऱ्या जोडीच्या मध्ये दहा मिनिटं थांबा, साधा पाव आणि पाणी द्या. २०१४ च्या खणखणीत आम्लतेनंतर लगेच २००३ आली तर ती आहे त्यापेक्षा मऊ आणि सैल वाटेल.

आता सालांबद्दल, कारण बारा जणांना ते सांगितल्याशिवाय व्हर्टिकलला अर्थ नाही.

२०१३: थंड, ओला वसंत. फुलोऱ्याच्या वेळी फळधारणा बिघडली, मेर्लोची मोठी गळ झाली, उरलेल्या घडांत लहान-मोठे मणी. काढणीच्या तोंडावर कूज पसरू लागली, त्यामुळे बऱ्याच जणांनी काबर्ने पूर्ण पिकण्याआधी उतरवली. म्हणून ढोबळ्या मिरचीचा हिरवट वास आणि मध्येच रिकामी लागणारी चव. २०१४ चा ऑगस्टही गारच होता, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लांब कोरड्या उन्हाने साल तारलं. उशिरा पिकणाऱ्या काबर्नेला त्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि उत्तर मेदोक त्यात पुढे होतं. या सहांत सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी बाटली हीच.

२००३ म्हणजे ऑगस्टची उष्णतेची लाट. निचऱ्याच्या गोट्यांच्या जमिनीत वेलींना पाणी पुरेना, पिकणं अडलं. सँतेस्तेफमध्ये गोट्यांखाली चिकणमाती आहे, ती ओल धरते. म्हणून याच गावातल्या माँत्रोझ शॅटोसारख्या वाइन त्या सालात उजव्या ठरल्या. २००९ उबदार, पण भाजून काढणारं नव्हतं. टॅनिन पिकलेलं आणि गोलसर. २००५ आणि २०१० ही दोन्ही कोरडी सालं, पण रात्री गार. साखरही चढली आणि आम्लही टिकलं. या दोन्ही अजून आत मिटलेल्या लागल्या तर त्याला दोष समजू नका.

नव्या सालाचा अंदाज यावरून? जमिनीचा स्वभाव कळतो, तेवढंच. २०२२ सारख्या उष्ण-कोरड्या सालात इथली चिकणमाती काय करते हे २००३ आणि २००९ शेजारी ठेवून बऱ्यापैकी उमगतं. पण २०२१ म्हणजे नवी २०१३ असं धरू नका. एप्रिलचं गोठवणारं दहिवर, केवड्याचा (वेलीवरच्या बुरशीजन्य रोगाचा) जोर, उशिरा काढणी हे सगळं २०२१ मध्ये होतं, पण आता मणी यंत्राने निवडतात आणि प्रत्येक तुकड्याचा माल वेगळ्या टाकीत आंबवतात. वाईट सालाचा तळ पूर्वीइतका खाली जात नाही.

नेगोस_खिडकी

तिसऱ्या प्रश्नाचा व्यवहाराचा भाग.

आँ प्रीमरमध्ये वसंतात जे चाखायला मिळतं ते काढणीनंतर सहा-सात महिन्यांचं, पिंपातून काढलेलं सँपल. वाइन अजून वर्षभर २२५ लिटरच्या पिंपात राहायची असते. सँपल कोणत्या पिंपातलं हे शॅटो ठरवतो, आणि ते दिवसभरात हवेने उतरतं. त्यामुळे कुणाचेही गुण वाचताना त्यांनी ते कुठे आणि कधी चाखलं ते पाहा.

साखळी अशी: शॅटो, मग साधारण दोन टक्क्यांवर काम करणारा कूर्तिये (दलाल), मग नेगोसियाँ (घाऊक व्यापारी), मग आयातदार. शॅटो माल टप्प्याटप्प्याने सोडतो. पहिला टप्पा बऱ्याचदा स्वस्त, पण ते गृहीत धरू नका. पैसे आत्ता पूर्ण, बाटल्या सुमारे दोन वर्षांनी, कर आणि जकात माल सोडवताना वेगळी.

भाव पटतोय का, याची कसोटी एकच: त्याच शॅटोची, तेवढ्याच तोलाची, आज बाटलीत मिळणारी साल कितीला आहे? हिशोबासाठी समजा, नवी ६० युरोला निघाली. पाच टक्क्यांनी दोन वर्षं पैसे अडकले तर ६६.१५ युरो, पुढे साठवण आणि विमा. आज २०१४ किंवा २०१६ ची चांगल्या साठवणीतली बाटली ६५ ला मिळत असेल, तर तीच घ्या. ती आधीच बाटलीत भरलेली आहे आणि चाखून घेता येते. २००९ आणि २०१० चे आँ प्रीमर भाव इतके चढे होते की त्यातल्या अनेक वाइन पुढे कित्येक वर्षं त्याहून कमी भावात मिळत राहिल्या. उलट २०१९ सालाच्या, २०२० च्या टाळेबंदीत भाव उतरवून सोडलेल्या वाइनमध्ये आधी घेणाऱ्याला खरा फायदा होता. शॅटो लातूरने (बोर्डोतला नामांकित मळा) तर २०१२ पासून आँ प्रीमर सोडूनच दिलं. माल स्वतःच्या तळघरात पिकवून मग विकतात.

दोन वर्षांत विक्रेता बुडाला तर हातात नुसती पावती राहते. माल आल्यावर खोकी तुमच्या नावावर वेगळी नोंदवली जातात का, हे लेखी घ्या. मॅग्नम (दीड लिटरच्या) किंवा अर्ध्या बाटल्या हव्या असतील तर मात्र आँ प्रीमर सोयीचं, आकार तेव्हाच सांगता येतो.

तळघर_तेरा

सगळ्यांचे मनापासून आभार. जोड्या तशाच लावतो, आणि खरेदी इच्छिणाऱ्यांना आधी २०१४ चा आजचा भाव काढायला सांगतो. एक राहिलं: २००३ च्या एका बाटलीत वाइन मानेच्या तळाशी आहे, दुसरीत खांद्याच्या वरच्या कडेला. दोन्ही एकाच डीकँटरमध्ये काढून सगळ्यांना सारखं द्यावं का?

गाळ_आणि_बूच

अजिबात नको. एकीत बुचाचा दोष असेल तर दोन्ही जातील. या वयाला मानेच्या तळाशी पातळी अगदी योग्य आहे. खांद्याच्या वरच्या कडेची संशयास्पद नाही, पण बूच थोडं झिरपलेलं असू शकतं. कॅप्सूल (बुचावरची टोपी) हाताने फिरते का आणि बुचाच्या कडेला वाइनचा चिकट ओघळ आहे का ते बघा. मानेपर्यंत भरलेली आधी उघडा. ती स्वच्छ निघाली तर बारा जणांना तेवढी पुरते, दुसरी उघडायची गरजच नाही. पहिली बिघडलेली निघाली तरच दुसरीला हात लावा, आणि ती वेगळ्या डीकँटरमध्ये काढा. शेरीसारखा किंवा मार लागलेल्या सफरचंदाचा वास आला तर ती ऑक्सिडाइझ झाली आहे. मग त्या जोडीत २००९ एकटीच ठेवा.