विजेच्या गाडीला वर्षाला २०० डॉलर: न्याय की भुर्दंड?

मैलकुली: टेक्सासात गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण केलं. नेहमीच्या फीवर २०० डॉलर जादा! का, तर गाडी निव्वळ विजेवर चालते. १ सप्टेंबर २०२३ पासून हा नियम आहे. नवी कोरी घेतली तर सुरुवातीलाच ४००. आता पेट्रोलवाल्याचं बघा. रस्त्यांसाठी पेट्रोलवर राज्याचा कर गॅलनला २० सेंट. वर्षाला १२,००० मैल आणि गॅलनला ३० मैल धरले, तर तो राज्याला ८० डॉलर देतो. मी अडीचपट का भरू?

डिझेलदादा: हिशेब अर्धाच मांडलात. केंद्राचे १८.४ सेंटही तोच भरतो. दोन्ही मिळून दीडशेच्या वर जातात. शिवाय ते २० सेंट १९९१ पासून जागचे हललेले नाहीत. तेव्हाच्या भावात आज डांबर मिळतं का?

मैलकुली: मग पेट्रोलवरचा कर वाढवा की! ती हिंमत नाही म्हणून आमच्या खिशात हात. आणि माझे २०० काही वॉशिंग्टनला जात नाहीत, तेव्हा केंद्राचा कर मध्ये आणू नका.

दोन_टाक्या: रकमेवरून काय भांडताय, खरी मेख व्याख्येत आहे. ‘चालायला वीज हाच एकमेव स्रोत’ असेल तरच ही फी. माझी हायब्रिड घरी चार्ज होते, पेट्रोल क्वचित भरते. तरी मला शून्य, कारण खाली टाकी आहे! विजेची मोटरसायकल, मोपेड यांनाही माफी. (मी तक्रार करत नाहीये हं.)

डिझेलदादा: हे मात्र पटलं. तुमच्याकडूनही घ्यायला हवेत.

पावसाळी: ओरेगन राज्याने पेट्रोलवर कर लावला १९१९ मध्ये, देशात सगळ्यात आधी. तिथेच २०१५ पासून मैलामागे पैसे भरायची ऐच्छिक सोय आहे. जेवढी गाडी चालवाल तेवढे भरा.

डिझेलदादा: म्हणजे मी कुठे जातो ते सरकारला कळवायचं? नको बुवा.

पावसाळी: जीपीएस नसलेला पर्यायही आहे हो.

मैलकुली: मला चालेल. वर्षातून एकदा ओडोमीटरवर (मैल मोजणारा काटा) किती मैल झाले ते बघा आणि पैसे घ्या.

दोन_टाक्या: बघणार कोण? १ जानेवारी २०२५ पासून टेक्सासात खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली. काही काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) धुराची तपासणी उरलीय, पण तुमच्या गाडीला धूरच नाही!