मदत हवी आहे: प्लाया देल कार्मेनहून आई-वडिलांसाठी गाइडसह एक दिवसाची सहल – चिचेन इत्सा की तुलुम-कोबा?

नमस्कार.

नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, आम्ही ह्यूस्टनहून मेक्सिकोच्या किंताना रो राज्यातील प्लाया देल कार्मेन येथे जाणार आहोत. नाशिकहून आलेले माझे आई-वडील सोबत असतील. दोघांकडे अमेरिकेचा वैध पर्यटक व्हिसा असल्यामुळे मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही आणि राहण्याची सोयही समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये झालेली आहे, त्यामुळे ते प्रश्न मिटले आहेत. बाकीचे दिवस आम्ही समुद्र आणि विश्रांती यांसाठीच ठेवले आहेत. मात्र एक पूर्ण दिवस जाणकार गाइडसोबत माया संस्कृतीचे अवशेष पाहण्यासाठी द्यायचा आहे आणि तो कोणत्या सहलीला द्यावा, याविषयी मला आपली मदत हवी आहे.

पहिला पर्याय अर्थातच चिचेन इत्साचा आहे. कान्कून आणि प्लाया परिसरातील बहुतेक कंपन्या जी सहल विकतात तिचा साचा जवळपास सारखाच दिसतो: सकाळी हॉटेलवरून नेणे, एखाद्या सेनोतेमध्ये, म्हणजे चुनखडीच्या गुहेचे छत कोसळून उघड्या पडलेल्या नैसर्गिक कुंडात, पोहण्याची संधी देणे, बुफे जेवण, चिचेन इत्साचे दर्शन आणि परतताना वायादोलिद या स्पॅनिश वसाहतकाळातील गावात थोडा थांबा. कुकुल्कान या सर्पदेवतेचा पिरॅमिड पाहण्याची माझ्या वडिलांची फार जुनी इच्छा आहे. चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या, त्यांत माथ्यावरची एक मिळवली की वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५, आणि विषुवदिनाच्या सुमारास मावळतीकडच्या उन्हात जिन्याच्या कठड्यावरून सर्प उतरत असल्यासारखी पडणारी सावली, हे सर्व ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले आहेत. पिरॅमिडवर चढण्यास बऱ्याच वर्षांपासून बंदी आहे, पण त्याने आम्हाला फरक पडत नाही. अडचण अंतराची आणि वेळेची आहे. प्लायाहून एका बाजूला सुमारे अडीच तास लागतात, शिवाय हॉटेलाहॉटेलांतून माणसे गोळा करण्यात आणि वाटेत हस्तकलेच्या दुकानांपाशी थांबण्यात बराच वेळ जातो असे वाचले. बारा तासांच्या सहलीत प्रत्यक्ष अवशेषांमध्ये दोन तासही मिळत नसतील आणि तेही ऐन दुपारच्या उन्हात व गर्दीत मिळत असतील, तर एवढा प्रवास वडीलधाऱ्या माणसांना करायला लावावा का, असा प्रश्न पडतो.

दुसरा पर्याय तुलुम आणि कोबा यांच्या एकत्रित सहलीचा आहे. तुलुम प्लायापासून तासाभरावर आहे. कॅरिबियन समुद्राच्या कड्यावर वसलेले, तीन बाजूंनी तटबंदी असलेले हे बंदर माया इतिहासाच्या शेवटच्या टप्प्यातील आहे आणि १५१८ साली हुआन दे ग्रिहाल्वाच्या मोहिमेतील स्पॅनिश लोकांनी ते जहाजावरून पाहिले तेव्हा तेथे वस्ती होती. कोबा त्याहून बरेच जुने आहे, दाट जंगलात पसरलेले आहे आणि तेथील नोओच मूल हा पिरॅमिड सुमारे ४२ मीटर उंच, म्हणजे कुकुल्कानच्या पिरॅमिडपेक्षाही उंच आहे. प्रवास कमी आणि स्थळे दोन, म्हणून हा पर्याय मला सोयीचा वाटतो. पण चिचेन इत्सा इतक्या जवळ येऊनही राहिले, ही रुखरुख वडिलांना लागू नये असेही मनापासून वाटते.

निर्णयाला उपयोगी पडेल म्हणून दोघांच्या प्रकृतीविषयी थोडे लिहिते. वडील सत्तरीपुढचे असले तरी रोज फिरतात. आईचे गुडघे दुखतात. सपाट जमिनीवर ती सावकाश अर्धा-पाऊण तास चालू शकते, पायऱ्या मात्र तिला जमत नाहीत आणि ऊन सहन होत नाही. दोघेही शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. इंग्रजी दोघांना समजते, परंतु भरभर बोललेले समजत नाही, म्हणून एकच गाइड आलटून पालटून स्पॅनिश आणि इंग्रजीत बोलतो तशा पन्नास जणांच्या बसपेक्षा लहान गट असावा, अशी माझी इच्छा आहे.

ज्यांनी या सहली केल्या आहेत त्यांना विचारायचे आहे ते असे. सहलीच्या जाहिरातीतील किमतीत नक्की काय धरलेले असते? काही ठिकाणी प्रवेशशुल्क वेगळे, रोख आणि गाडीत बसतानाच द्यावे लागेल, असे बारीक अक्षरांत लिहिलेले दिसते. गाइड जाणकार आहे हे आधी कसे ओळखावे? जेवणाचे काय करावे? आणि एक प्रश्न वडिलांचा आहे. ते महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असत आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी युकातानवर आदळलेल्या अशनीच्या चिक्शुलुब विवराच्या कडेने सेनोतेंचे एक मोठे कडे, म्हणजे गोलाकार रांग, आहे, हे त्यांना ठाऊक आहे. दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हारसातून बनलेल्या खडकावर, आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला त्याच काळातल्या दुसऱ्या मोठ्या घटनेची खूण डोळ्यांनी पाहायची आहे. अशा सहलीत दाखवतात त्या सेनोतेंपैकी एखादे या कड्यावरचे असते का?

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

ताई, आम्ही सासूबाईंना घेऊन याच भागात गेलो होतो, त्या अनुभवावरून लिहितो. आपली खरी अडचण चिचेन इत्सा ही नाही, मोठ्या बसची ठरलेली सहल ही आहे. वडिलांची एवढी इच्छा असेल तर चिचेन इत्साच निवडावे, पण चालकासह खाजगी व्हॅन ठरवून स्वतःच्या वेळेने जावे. चार-पाच माणसांत खर्च वाटला गेला की तो फार जास्त पडत नाही, आणि आईंना हवे तिथे थांबता येते.

यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. किंताना रो राज्याने २०१५ साली आपले घड्याळ बदलले, त्यामुळे चिचेन इत्सा ज्या युकातान राज्यात आहे तेथील वेळ प्लायाच्या एक तास मागे असते. स्थळ तेथील आठ वाजता उघडते, तेव्हा आपल्या रिसॉर्टमध्ये नऊ वाजलेले असतात. म्हणजे सव्वासहाला निघालात तरी दरवाजा उघडताना आपण तेथे असाल, आणि बस येऊ लागण्यापूर्वीचे दोन तास आपल्याला मिळतील. ऊन कोवळे असते, फेरीवाले अजून सामान मांडत असतात आणि पिरॅमिडसमोर शांतपणे उभे राहता येते. तेथे गाइडने टाळी वाजवून जिन्यावरून येणारा पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी ऐकवला तो गर्दीत ऐकूच आला नसता. परतीची वेळ सांगताना मात्र चालकाशी कोणत्या राज्याच्या घड्याळाप्रमाणे बोलत आहात हे स्पष्ट करून घ्यावे. त्या दिवसांत प्लायाला संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा त्याआधी परतता येईल असे पाहावे.

जमीन बहुतांशी सपाट आहे, आईंना चालता येईल. पिरॅमिड, योद्ध्यांचे मंदिर आणि सुमारे १६८ मीटर लांबीचे चेंडूच्या खेळाचे भव्य मैदान ही तिन्ही जवळजवळ आहेत. पवित्र सेनोते आणि एल काराकोल ही वेधशाळा थोडी दूर आहे; तेथे वडील गाइडसोबत जाऊ शकतील आणि आई झाडाखाली बसू शकतील. छत्री आणि टोपी दोन्ही न्यावे, कारण मधल्या मोकळ्या पटांगणात सावली नाही.

शुल्काविषयी आपली शंका रास्त आहे. चिचेन इत्साला केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचे आणि युकातान राज्याचे अशी दोन वेगळी शुल्के भरावी लागतात, आणि स्वस्त दिसणाऱ्या सहलींत ही दोन्ही बहुधा धरलेली नसतात. बुकिंग करण्यापूर्वी ‘दोन्ही शुल्के धरून माणशी किती’ असे लेखी विचारावे. गाइडकडे पर्यटन मंत्रालयाचे छायाचित्रासह ओळखपत्र असते आणि ते त्याने गळ्यात घातलेले असावे लागते. असे गाइड प्रवेशद्वारापाशीही मिळतात; फक्त इंग्रजीतून आणि फक्त आपल्या कुटुंबासाठी बोलणार ना, हे आधी ठरवून घ्यावे आणि सावकाश बोलण्याची विनंती करावी.

प्रतिसाद २

पहिल्या प्रतिसादाशी सहमत असूनही कोबाच्या बाजूने दोन शब्द लिहिते, कारण आईंच्या गुडघ्यांचा विचार करता ते स्थळ फार सुखाचे आहे. तेथे चालकासह तीनचाकी सायकली भाड्याने मिळतात. समोर दोघांनी बसायचे आणि मागून चालक सायकल हाकतो. प्रवेशद्वारापासून मोठ्या पिरॅमिडपर्यंतचे अंतर बरेच आहे, पण संपूर्ण वाट झाडांच्या सावलीतून जाते. याच कोबापासून याशूनापर्यंत सुमारे १०० किलोमीटर लांबीचा पांढऱ्या चुनखडीचा सरळ रस्ता मायांनी बांधला होता; त्याची सुरुवात गाइड दाखवतो. तुलुमला मात्र वाहनतळापासून बरेच चालावे लागते आणि सावली जवळजवळ नाही. आता ते स्थळ हाग्वार राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आल्यामुळे एकाहून अधिक शुल्के द्यावी लागतात.

कोठेही जा, पण रविवारी जाऊ नका. त्या दिवशी मेक्सिकोच्या नागरिकांना पुरातत्त्व स्थळांमध्ये विनामूल्य प्रवेश असतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे येतात. त्यांना यायलाच हवे, वारसा त्यांचाच आहे. पण शांतपणे पाहायचे असेल तर आठवड्याचा मधला दिवस घ्यावा.

कान्कूनच्या विमानतळातून बाहेर पडताना अधिकृत माहिती केंद्रासारखे दिसणारे काही लोक अत्यंत कमी दरात सहल देऊ करतात. त्या बदल्यात टाइमशेअरच्या, म्हणजे सुट्टीतल्या घराच्या ठरावीक दिवसांच्या वाट्याच्या, विक्रीच्या सादरीकरणाला अर्धा दिवस बसावे लागते. वडीलधारी माणसे अशा वेळी सभ्यपणे थांबून ऐकून घेतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

प्रतिसाद ३

शाकाहाराविषयी. युकातानी स्वयंपाकात डुकराची चरबी सर्रास वापरली जाते. वाटून परतलेल्या काळ्या घेवड्यात ती बहुधा असतेच, आणि भात पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो, त्यामुळे बुफेमध्ये ‘भात आणि घेवडा तर आहे’ असे समजून चालणार नाही. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने मांसाचे तुकडे टळतात, चरबी टळत नाही. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन वेवो, सिन मान्तेका’, म्हणजे मांस, कोंबडी, मासे, अंडे आणि चरबी नको, असे कागदावर लिहून न्या आणि स्वयंपाकघरात दाखवायला सांगा. पापाद्सुलेस हा तोर्तियांचा (मक्याच्या पोळ्यांचा) पदार्थ शाकाहारी दिसला तरी त्यात उकडलेले अंडे असते. मक्याच्या ताज्या तोर्तिया, ग्वाकामोले, निवडुंगाच्या पानांची भाजी, फळे आणि तिखट-लिंबू लावलेला हिकामा हा कच्चा खायचा कंद हे निर्धोक आहे. हाबानेरो मिरचीची चटणी मात्र आपल्या लवंगी मिरचीच्या सवयीने घेऊ नये. आम्ही दशम्या आणि सुकी चटणी सोबत नेली होती आणि ती उपयोगी पडली. प्रवेशाच्या वेळी ताजी फळे, भाज्या व बियाणे यांवर निर्बंध असतात, तेव्हा तसे काही नेऊ नये.

प्रतिसाद ४

आपल्या वडिलांचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. सेनोतेंचे ते कडे पश्चिमेला, मेरिदा शहराभोवती अर्धवर्तुळात आहे. विवराचा व्यास सुमारे १८० किलोमीटर असून त्याचा निम्मा भाग समुद्राखाली आहे आणि जमिनीवरच्या निम्म्याची कड या कुंडांनी दाखवली जाते. चिचेन इत्साजवळचे इक किल किंवा तुलुमजवळचे ग्रान सेनोते या कड्याच्या बाहेर आहेत. कड्यावरची सेनोते पाहायची तर ओमुन किंवा कुसामा या गावांकडे जावे लागते आणि प्लायाहून एका दिवसात ते ज्येष्ठांना झेपणारे नाही. तरीही इक किलला जरूर न्यावे. ते जमिनीपासून सुमारे २६ मीटर खोल आहे आणि काठावरून चुनखडीचे थर व लोंबणारी मुळे स्पष्ट दिसतात, त्यामुळे आईंनाही खाली न उतरता पाहता येईल. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्याच का नाहीत, पाऊस कोठे जातो आणि मायांची नगरे कुंडांच्या आश्रयाने का वसली, हे तेथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. लोणार पाहिलेल्या माणसाला येथील फरक विशेष जाणवेल: तेथे विवर डोळ्यांसमोर आहे आणि भोवती बेसॉल्ट; येथे विवर चुनखडीच्या थरांखाली गाडले गेलेले आहे. पाण्यात उतरणार असाल तर आधी अंग धुऊन सनस्क्रीन काढावे लागते आणि लाइफ जॅकेट घालावे लागते.

धागाकर्तीचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. वडिलांना चारही प्रतिसाद वाचून दाखवले. खाजगी व्हॅनने आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे चिचेन इत्सा, नंतर इक किल काठावरून, वायादोलिदला जेवण आणि उजेडी परत, असे आम्ही ठरवत आहोत. ओमुनचा नाद वडिलांनी स्वतःच सोडला. कोबासाठी, आईची तब्येत बरी असेल तर, दुसऱ्या एखाद्या दिवसाची सकाळ ठेवू; तुलुम यावेळी वगळत आहोत.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. चिचेन इत्साच्या प्रवेशद्वारापाशी आईसाठी चाकाची खुर्ची मिळते का, की ती रिसॉर्टमधून सोबत न्यावी? आणि वायादोलिदच्या मुख्य चौकाजवळ चरबीशिवाय स्वयंपाक करून देणारे एखादे भोजनालय कोणाच्या अनुभवात असेल, तर कृपया कळवावे.