४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलरला कसे सापडले असेल?

प्रश्न :
नमस्कार. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ४२९४९६७२९७ ही संख्या मिळते. याच साच्यातल्या (२ चा १, २, ४, ८ आणि १६ वा घात अधिक १) आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही संख्या मूळ असल्यामुळे पुढच्याही सर्व मूळच असणार, असा फ्रेंच गणिती फर्माचा समज होता. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने ६४१ × ६७००४१७ असे अवयव दाखवून तो खोटा ठरवला. या संख्येचे वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६५४२ मूळ संख्या आहेत. यंत्राशिवाय त्याने एवढ्या संख्यांनी भागून पाहण्याची तयारी ठेवली असेल, हे पटत नाही. शिवाय ६७००४१७ मूळ आहे, याची खात्री कागदावर कशी करावी?

उत्तर १ :
६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे, त्यामुळे ओळीने भागत गेले तरी ते अशक्य नव्हते. पण तेवढेही करावे लागत नाही. समजा, ‘प’ ही मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला ‘प’ ने भागल्यास बाकी उणे १ राहते आणि वर्ग केल्यावर ६४ व्या घाताची बाकी १ येते. म्हणजेच ज्या सर्वांत लहान घाताला बाकी १ येते, तो घात ६४ चा विभाजक असतो पण ३२ चा नसतो. तो ६४ च असला पाहिजे. दुसरीकडे २ च्या (प − १) व्या घाताचीही बाकी १ असते, म्हणून (प − १) ला ६४ ने पूर्ण भाग जातो. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ : पाचवा भागाकार आणि काम संपले. यातली (प − १) व्या घाताची पायरी हे फर्माचेच प्रमेय आहे, हे विशेष.

उत्तर २ :
६४१ आधीच ठाऊक असेल, तर भागाकारही नको. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × २⁷ ची बाकी उणे १ आणि त्याच्या चौथ्या घाताची, म्हणजे ५⁴ × २²⁸ ची, बाकी १. परंतु ६४१ = ६२५ + १६ असल्याने ५⁴ च्या जागी उणे २⁴ घेता येतो. उणे २³² ची बाकी १ आली, की झाले.

उत्तर ३ :
दुसऱ्या प्रश्नाबाबत : फ्रेंच गणिती ल्युकाने पुढे दाखवले की (प − १) ला ६४ नव्हे, १२८ नेच भाग जातो. ६७००४१७ ला भागणारी मूळ संख्या ४२९४९६७२९७ लाही भागते, म्हणून तिलाही हीच अट लागू. ६७००४१७ चे वर्गमूळ सुमारे २५८८ आहे आणि त्याच्या आत अशा पाचच मूळ संख्या आहेत. २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ ने भागल्यास अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ बाकी उरते, म्हणून ती मूळ आहे. ही अट ऑयलरच्या हाती असती, तर ६४१ दुसऱ्याच प्रयत्नात सापडली असती.