रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) ७.२ वरून पुढे कुठे जावं? (डेबियन १२ लिनक्स, खर्च शून्य)

पेठेतला_सर्व्हर: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेची जागा-नोंदणी रेडिसवर चालते. ४ जीबी रॅम, रेडिस कंपनीच्या रेपोतून (पॅकेजच्या भांडारातून) घातलेलं रेडिस ७.२.४, डेटा ९०० एमबी, एओएफ (प्रत्येक बदल लिहून ठेवणारी फाइल) चालू. ७.४ पासून लायसन्स बदललं, म्हणून अपग्रेड थांबवलंय. जास्तीचे पैसे नाहीत. काय करू?

कर्वेनगरी: व्हॅल्की. लायसन्स मार्च २०२४ मध्ये बदललं आणि त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनखाली ७.२.४ चा हा फोर्क (त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प) निघाला. फेडोरा ४१ या दुसऱ्या लिनक्सने रेडिस काढून तेच दिलं.

डेक्कन_टर्मिनल: महिना चार-पाच हजारांत तयार सेवा घ्या, डोक्याला ताप नाही.

खडकी_रूट: डेबियन १२ चं स्वतःचं ७.०.१५ आहे की! जुनं बीएसडी (मुक्त) लायसन्स, सुरक्षा दुरुस्त्या डेबियन देतं. त्यावर परत जा.

औंधचा_कर्नल: अजिबात नको. ७.२ चा डम्प (डेटाची साठवलेली फाइल) आरडीबी स्वरूपाच्या आवृत्ती ११ चा आहे, ७.० ला १० पर्यंतच वाचता येतं. सर्व्हर सुरूच होणार नाही. ७.४ चा डम्प १२, तो व्हॅल्की ८ घेत नाही. म्हणून आधी रेडिसची पॅकेजेस होल्डवर टाका, म्हणजे ती चुकून अपग्रेड होणार नाहीत. मात्र होल्डमुळे दुरुस्त्याही अडतात. ऑक्टोबर २०२५ मधला लुआचा (रेडिसमधल्या स्क्रिप्टच्या भाषेचा) गंभीर दोष ७.२.११ मध्ये दुरुस्त झाला, तुमच्या ७.२.४ मध्ये तो अजून आहे. ७.२ मालिका बीएसडीच आहे, तेवढं आजच चढवा.

खडकी_रूट: बरं. पण एसएसपीएलला (७.४ च्या नव्या लायसन्सपैकी एक) एवढा विरोध का? सोर्स तर दिसतो.

औंधचा_कर्नल: नुसता दिसून भागत नाही. कलम १३ प्रमाणे सेवा म्हणून विकलं तर बॅकअप, मॉनिटरिंग, सगळ्याचा सोर्स द्यावा लागतो. वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव नको, हे डेबियनचं सहावं तत्त्व. २०१८ मध्ये मोंगोडीबीने हेच लायसन्स घेतलं आणि ते फेडोरा, डेबियनमधून बाहेर पडलं.

कर्वेनगरी: म्हणूनच म्हणतोय, व्हॅल्की. ६३८० पोर्टवर उभं करा, चालू रेडिसचं रेप्लिका (सतत जुळती प्रत) करा, सिंक झालं की 'रेप्लिकाऑफ नो वन' देऊन ते स्वतंत्र करा. ९०० एमबी दोनदा मावतं. नुसती डम्प फाइल हलवणार असाल तर पहिल्यांदा 'अपेंडओन्ली नो' ठेवा, नाहीतर एओएफ सापडत नाही म्हणून डम्प न वाचताच रिकामं सुरू होतं.

डेक्कन_टर्मिनल: मीही व्हॅल्कीच म्हणेन.

पेठेतला_सर्व्हर: सगळ्यांचे आभार. ७.२.११ चढवलं. पुढे मात्र डेबियन १३ वर रेडिस ८.० च घेतोय. मे २०२५ पासून एजीपीएलचा (मुक्त लायसन्स, बदललेला कोड सेवेच्या वापरकर्त्यांना द्यावा लागतो) पर्याय आहे, म्हणून तर डेबियनने ते ठेवलंय. रेडिसचा कोड मी बदलत नाही, त्यामुळे नोंदणीच्या कोडवर बंधन येत नाही. कॉन्फिग, पाथ सगळं तेच राहतं.

औंधचा_कर्नल: मग एक बघा. कंपनीच्या पॅकेजचा इपॉक (आवृत्तीच्या आधी धरला जाणारा आकडा) ६ आहे, डेबियनचा ५. त्यामुळे एपीटीला (डेबियनच्या पॅकेज साधनाला) तुमचं ७.२ हेच ८.० पेक्षा नवं वाटेल. होल्ड काढा, तो रेपो बंद करा आणि सर्व्हर, टूल्स दोन्ही पॅकेजेस ट्रिक्सीचं (डेबियन १३ चं) नाव देऊन, डाउनग्रेडला परवानगी देऊन घाला. त्याआधी रेडिस थांबवून डेटाच्या पूर्ण फोल्डरची प्रत काढा. ८.० ने एकदा लिहिलेलं ७.२ ला वाचता येणार नाही.