शब्दचर्चा: ‘पगार उतरवणे’, ‘एप्रन’, ‘पड वर्ष’ आणि बॉस्टन सेल्टिक्सचा २०२५चा उन्हाळा

(ही चर्चा ऑक्टोबर २०२५ची, मोसम सुरू होण्याआधीची. ‘उजवा कोपरा’, ‘खतावणी’, ‘काना-मात्रा’ आणि ‘पाचवा फाउल’ ही बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

उजवा कोपरा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा २०२५-२६चा मोसम २१ ऑक्टोबर २०२५ला सुरू होतोय. बॉस्टन सेल्टिक्सबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातंय त्यात एक वाक्य वेगवेगळ्या रूपांत सारखं भेटतं: ‘बॉस्टनने हॉलिडे आणि पोर्झिंगिसला विकलं, होर्फर्डला सोडलं, कर वाचवला आणि आता पुनर्बांधणीला लागले.’ (तिघंही संघातले अनुभवी खेळाडू.) यातलं एकही क्रियापद मला पटत नाही. जाणकारांनी एकेक सोडवून द्यावं. शिवाय सॅलरी डंप, एप्रन, ट्रेड एक्सेप्शन आणि गॅप इयर यांना शब्द हवेत. कोशात शोभणारे नकोत, सामना बघताना तोंडात येतील असे हवेत.

खतावणी

‘विकलं’ हे युरोपातल्या फुटबॉलमधून आलंय. तिथे एक क्लब दुसऱ्याला खेळाडूची किंमत मोजतो. एनबीएत खेळाडू त्याच्या करारासकट जातो आणि समोरून दुसरे करार, ड्राफ्टच्या निवडी (दरवर्षी नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) किंवा दोन्ही येतात. रोख रक्कम देता येते, पण वर्षाला ठरलेल्या मर्यादेत, आणि दुसऱ्या एप्रनच्या (पगाराच्या सगळ्यात वरच्या रेषेच्या, तिचं पुढे येईल) वर असलेल्या संघाला तीही मुभा नाही. तेव्हा ‘विकलं’ बाद. ‘अदलाबदलीत दिलं’ म्हणा.

‘सोडलं’ त्याहून घातक. संघ खेळाडूला करार चालू असताना ‘सोडतो’, तेव्हा हमी दिलेला उरलेला पगार संघाच्याच हिशेबात राहतो. होर्फर्डचं तसं काही झालं नाही. त्याचा करार संपला होता आणि तो गोल्डन स्टेटला गेला. ल्यूक कॉर्नेटचंही तेच: करार संपला, सान अँटोनियोने चार वर्षांचे सुमारे ४.१ कोटी डॉलर देऊ केले, तो गेला. इथे कर्ता खेळाडू आहे. ‘गेला’ लिहिलं की बॉस्टनला बदल्यात काही मिळालं नाही हे आपोआप कळतं.

म्हणजे क्रियापदं तीन: दिला, सोडला, गेला. संघाचा उन्हाळा तपासताना प्रत्येक नावापुढे यातलं एक लिहायचं, निम्मा हिशेब तिथेच होतो. ‘दिला’ असेल तर काय आलं ते बघायचं, ‘सोडला’ असेल तर किती पगार मागे राहिला ते, आणि ‘गेला’ असेल तर त्याची जागा भरायला पगारमर्यादा ओलांडायची कोणती सवलत शिल्लक आहे ते.

काना-मात्रा

एक भर. ‘गमावला’ हा चौथा शब्द सगळीकडे टाकला जातो. संघाला खेळाडू ठेवायचा होता आणि जमलं नाही, तरच तो वापरावा. कॉर्नेटबाबत चालेल. हॉलिडेबाबत नाही, त्याला त्यांनी ठरवून दिलं.

आणि हो, सेल्टिक्स. केल्टिक्स नाही. आयरिश संस्कृतीबद्दल बोलताना ‘केल्टिक’, बॉस्टनच्या संघाबद्दल बोलताना ‘सेल्टिक्स’.

उजवा कोपरा

आता एप्रन. आपल्याकडे एप्रन म्हटलं की डॉक्टरचा पांढरा कोट किंवा प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येते. ‘दुसरी रेषा’ म्हणावं का?

खतावणी

‘रेषा’ने घोळ होईल, कारण संघाच्या एकूण पगारावरच्या रेषा चार आहेत. २०२५-२६ साठी, डॉलरमध्ये:

पगारमर्यादा १५.४६ कोटी
कराची रेषा १८.७९ कोटी
पहिला एप्रन १९.५९ कोटी
दुसरा एप्रन २०.७८ कोटी

(मिलियनचे कोटी करताना दशांश चिन्ह एक घर डावीकडे. २०७.८ मिलियनचे ‘२०७ कोटी’ झालेले छापून येतात.)

पहिल्या आकड्याला ‘मर्यादा’ म्हणतात, पण ती ओलांडता येते. बहुतेक संघ ओलांडतातच. दुसरा आकडा पार केला की दंडवजा कर. एप्रनांना दंड नाही, तिथे हात बांधले जातात. दुसऱ्या एप्रनच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, दिला त्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, करदात्या संघांना नवा खेळाडू घ्यायला मिळणारी ५७ लाखांची छोटी सवलतही वापरता येत नाही. शिवाय सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची निवड गोठते. बॉस्टन २०२४-२५ मध्ये वर होतं, म्हणून त्यांची २०३२ची निवड गोठली. पुढच्या चारपैकी तीन मोसम खाली राहिले तर ती मोकळी होईल. चारपैकी दोन मोसम वर गेले तर ती पहिल्या फेरीच्या शेवटी ढकलली जाईल, मग त्या वर्षी संघ कितीही वाईट खेळो.

एप्रन हा शब्द तसाच ठेवावा. पहिल्यांदा येईल तिथे ‘हात बांधणारी रेषा’ अशी फोड करावी आणि पुढे जावं. ‘गोठली’ मात्र अस्सल आहे, बँकेत खातं गोठतं त्याच अर्थाने. निवड ‘गमावली’ लिहू नका. ती बॉस्टनचीच आहे, फक्त अदलाबदलीत देता येत नाही.

पाचवा फाउल

सॅलरी डंपला, म्हणजे नकोसा करार दुसऱ्या संघाकडे देऊन टाकण्याला, ‘गळ्यात मारणे’ काय वाईट आहे?

काना-मात्रा

ऐकायला झकास, पण त्यात समोरचा मूर्ख ठरतो. जॉर्ज नायांगचं प्रकरण बघा. पोर्झिंगिसच्या तीन संघांच्या अदलाबदलीत तो अटलांटाकडून बॉस्टनला आला, पगार ८२ लाख. महिनाभरात बॉस्टनने त्याला दुसऱ्या फेरीच्या दोन निवडींसह युटाला दिलं आणि आर. जे. लुईस हा नवखा खेळाडू घेतला. युटा फसलं नाही, त्यांनी ओझं उचलण्याची मजुरी घेतली. म्हणून ‘पगार उतरवणे’ बरं. ‘नायांगचा पगार उतरवायला दोन निवडी मोजाव्या लागल्या.’ काय उतरलं आणि काय मोजलं, दोन्ही एका वाक्यात येतं.

खतावणी

मान्य. आता किती उतरलं ते पाहू. हॉलिडेचा यंदाचा पगार ३.२४ कोटी, त्याच्या बदल्यात आलेल्या सायमन्सचा २.७७ कोटी, फरक ४७ लाख. पोर्झिंगिस ३.०७ कोटी, बदल्यात नायांग ८२ लाख, फरक २.२५ कोटी. नंतर नायांगचे ८२ लाखही गेले. एकूण साडेतीन कोटींच्या थोडं वर.

हॉलिडेच्या बाबतीत पैशांपेक्षा वर्षं महत्त्वाची. ४७ लाख वाचवायला कुणी पस्तिशीतला इतका चांगला बचावपटू देत नाही. त्याच्या कराराची तीन वर्षं आणि दहा कोटींहून जास्त रक्कम उरली होती. सायमन्सचं एकच वर्ष उरलंय, २०२६च्या उन्हाळ्यात ते संपतं. अशा कराराला ‘एक्सपायरिंग’ म्हणतात, त्याचं ‘मुदतबाह्य’ कृपया करू नका, ते औषधाच्या बाटलीवर असतं. ‘शेवटच्या वर्षातला करार’ पुरे.

आता ‘कर वाचवला’ हा भाग. नाही वाचवला. अजून तरी नाही. बॉस्टन दुसऱ्या एप्रनखाली उतरलं, पण सध्या (ऑक्टोबर २०२५) कराच्या रेषेच्या वरच आहे. कर मोसमाच्या शेवटी असलेल्या पगारपत्रकावर लागतो, त्यामुळे ५ फेब्रुवारी २०२६च्या अदलाबदलीच्या मुदतीपर्यंत आणखी पगार उतरवायला वाव आहे. आजच्या घडीला ‘कर कमी केला’ एवढंच खरं.

उजवा कोपरा

पण मालकांचे थोडे पैसे वाचतील, यापलीकडे वाचकाने याची फिकीर का करावी? संघ नुकताच ६.१ अब्ज डॉलरांना विकला गेलाय, त्यांना काय कमी आहे?

खतावणी

कारण बॉस्टन ‘रिपीटर’ आहे. मागच्या चारपैकी तीन मोसमांत कर भरलेल्या संघाला चढा दर लागतो. याला मी ‘सराईत दर’ म्हणतो, पोलिसांच्या बातमीतला सराईत.

समजा दोन संघ कराच्या रेषेच्या प्रत्येकी १ कोटी वर आहेत. यंदा कराचा एक टप्पा ५६.८५ लाखांचा आहे. साध्या संघाला पहिल्या टप्प्यावर डॉलरला १ आणि दुसऱ्यावर १.२५ असा दर, म्हणजे ५६.८५ अधिक ५३.९४, एकूण सुमारे १.११ कोटी. सराईताला दर ३ आणि ३.२५, म्हणजे १७०.५५ अधिक १४०.२४ लाख, एकूण सुमारे ३.११ कोटी. तोच पगार, तेच खेळाडू, दोन कोटींचा फरक. जुना संघ तसाच ठेवला असता तर पगार आणि कर मिळून बिल अर्ध्या अब्जाच्या पलीकडे जाणार होतं.

आणि सराईतपणा एका वर्षात धुऊन निघत नाही, हे बहुतेक लिखाणातून सुटतं. बॉस्टनने २०२२-२३, २३-२४ आणि २४-२५ असा सलग तीन मोसम कर भरला. यंदा रेषेखाली राहिले तरी २०२६-२७ साठी मागची चार वर्षं मोजली की त्यात तीन कराची निघतात. यंदा आणि पुढच्या वर्षी असं दोनदा खाली राहिले तरच २०२७-२८ मध्ये साधा दर मिळेल. तेव्हा ‘एका वर्षाची काटकसर’ हा शब्दप्रयोगही चुकीचाच.

काना-मात्रा

‘सराईत दर’ घेतला!

ट्रेड एक्सेप्शनचं काय? ‘अपवाद’ अगदीच निर्जीव वाटतो.

खतावणी

‘पत’ म्हणा, अदलाबदलीतली पत. पोर्झिंगिसच्या सौद्यातून बॉस्टनला सव्वादोन कोटींची मिळाली. वर्षभर टिकते. तिच्या आत बसेल अशा पगाराचा खेळाडू, बदल्यात तेवढा पगार न देता घेता येतो. ही रोकड नाही आणि दुसऱ्या खेळाडूच्या पगारात मिसळून मोठा सौदाही करता येत नाही. आणखी एक गोम: बॉस्टनने ती पूर्ण वापरली तर नव्या खेळाडूचा पगार पत्रकात चढेल आणि एवढी खटपट करून खाली आलेला संघ परत दुसऱ्या एप्रनवर जाईल. म्हणूनच ‘बॉस्टनकडे सव्वादोन कोटी आहेत’ हे वाक्य भाबडं आहे. पत आहे, ऐपत नाही.

पाचवा फाउल

हिशेब झाला असेल तर जरा खेळाकडे येऊ. ‘पुनर्बांधणी’ला माझा सक्त विरोध. ब्राऊन, डेरिक व्हाइट, प्रिचर्ड, हाउझर सगळे आहेत, मझुला प्रशिक्षक आहे, संघाचा मुख्य खेळाडू टेटम जखमी असला तरी त्याचा करार २०३०पर्यंत आहे. टेटम आणि ब्राऊन या दोघांचे पगारच १०.७ कोटींच्या घरात, म्हणजे पगारमर्यादेच्या ६९ टक्के. (जखमी असला म्हणून टेटमचा पगार पत्रकातून वजा होत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं.) पाया आणि भिंती उभ्या असताना बांधणी कसली? ‘रीटूल’ला डागडुजी हा शब्द आहे. पुनर्बांधणीत तुम्ही ब्राऊनला देऊन निवडी गोळा करता.

काना-मात्रा

आणि गॅप इयरला ‘पड वर्ष’. जमीन एखादा हंगाम मुद्दाम पेरत नाहीत, तिला ‘पड टाकणे’ म्हणतात. पडीक म्हणजे ओसाड. पड म्हणजे कस भरून यावा म्हणून ठेवलेली. जोर हेतूवर आहे.

पाचवा फाउल

शब्द देखणा आहे, बॉस्टनला लागू नाही. पड टाकलेला संघ मोठ्या खेळाडूंना बसवतो आणि ड्राफ्टमधल्या जागेसाठी हरतो. प्रिचर्ड गेल्या मोसमातला सर्वोत्तम सहावा (म्हणजे बदली) खेळाडू, सायमन्स सामन्याला १९ गुण करणारा. एवढ्या हातांनी मुद्दाम हरता येत नाही. हिशेबाच्या दृष्टीने पड, खेळाच्या दृष्टीने नाही, असं दोन वाक्यांत सांगावं. कार्यालयाला आणि संघाला एकच विशेषण लावलं की अंदाज चुकतो.

खरं भगदाड मधल्या उंच खेळाडूंच्या जागी आहे, आणि तिथे ‘उंची कमी झाली’ हे शब्द दिशाभूल करतात. नीमियास केटा सात फूट आहे, उंची आहेच. गेलाय तो तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकणारा उंच खेळाडू. गेल्या मोसमात बॉस्टनने सामन्याला सरासरी ४८ तीन गुणांच्या फेकी केल्या आणि एकूण १,४५७ घातल्या, हा लीगचा विक्रम आहे. त्या घडायच्या कशा, तर पोर्झिंगिस किंवा होर्फर्ड रेषेबाहेर उभा राहिला की समोरच्या संघाचा सेंटर (मधला उंच खेळाडू) रिंगखालून बाहेर यायचा. मग टेटम किंवा ब्राऊन मोकळ्या वाटेने आत घुसायचा, बचाव आत धावायचा आणि कोपऱ्यातला फेकणारा सुटायचा. केटा बाहेरून फेकत नाही. त्याला राखणारा सेंटर रिंगखालीच थांबेल, ब्राऊनला आत गेल्यावर दोन माणसं भेटतील. लूका गार्झा आणि ख्रिस बूशे बाहेरून फेकतात, पण बचावात गार्झाचे पाय मंद आहेत आणि बूशेचं वजन कमी.

म्हणून ‘स्पेसिंग’ला मी ‘मोकळीक’ वापरतो: ‘केटा मैदानावर असला की मोकळीक कमी, रिबाऊंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणं) जास्त.’ ‘जागा’ म्हटलं की बसायची जागा वाटते.

उजवा कोपरा

शेवटचा शब्द टेटमच्या दुखापतीचा. अकिलीज टेंडनला कुणी ‘घोट्याचा स्नायू’ लिहितं, कुणी ‘टाचेचं हाड’.

काना-मात्रा

शास्त्रीय शब्द कंडरा. बोलीत ‘धोंडशीर’: टाचेमागची जाड शीर. युद्धात घोड्यांच्या धोंडशिरा तोडत, असा वापर जुन्या मराठीत आहे. ‘दुखावली’ नको, ‘तुटली’ हवं. दुखावलेली विश्रांतीने बरी होते, तुटलेली खेळाडूंना बहुधा शिवून घ्यावी लागते. टेटमची १२ मे २०२५ रोजी प्लेऑफमधल्या न्यूयॉर्कविरुद्धच्या मालिकेतल्या चौथ्या सामन्यात तुटली आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

पाचवा फाउल

अंदाज लिहिताना ‘बरा झाला’ आणि ‘खेळायला लागला’ यांत फरक करा. डॉमिनिक विल्किन्सची जानेवारी १९९२ मध्ये तुटली आणि तो पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला परतला, तेही सामन्याला तीसच्या आसपास गुणांची सरासरी ठेवून. ड्युरँटची जून २०१९ मध्ये तुटली, तो दीड वर्षाने, डिसेंबर २०२० मध्ये मैदानावर आला. क्ले थॉम्पसनला जवळपास चौदा महिने लागले. टेटमला हीच मोजपट्टी लावली तर लवकरात लवकर फेब्रुवारी २०२६ आणि उशीर झाला तर नोव्हेंबर २०२६. साखळी सामने १२ एप्रिल २०२६ला संपतात. त्यामुळे ‘टेटम मोसमाला मुकणार’ असं ठाम लिहू नये आणि ‘प्लेऑफला परतणार’ असंही नाही. ‘टेटमशिवाय सुरुवात’ एवढंच लिहावं आणि बाकीचा अंदाज ब्राऊन, व्हाइट आणि केटा यांच्यावर बांधावा.